मुठीतला बटेर, रुळावरचा ससा

शौकीन: ग्रेहाउंडच्या शर्यतींचा ट्रॅक लखनौत नाही. छावणीत रेसकोर्स आहे, तोही घोड्यांचा. तरी कुत्र्यांच्या शर्यतीचा विचार लखनौपासूनच सुरू करणे सोयीचे. जनावर पोसणे, तयार करणे, दुसऱ्याच्या जनावरासमोर सोडणे आणि त्यावर पैज लावणे या सगळ्याचे शास्त्र या शहराइतके बारकाईने फार थोड्या ठिकाणी रचले गेले. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनौ’मध्ये त्याची यादीच दिली आहे. वाघ, चित्ते, हत्ती, उंट, गेंडे, बारशिंगे, मेंढे ही जनावरे. मग कोंबडे, तितर, बटेर, लावे हे पक्षी. मराठीत बटेर काय आणि लावा काय, दोघांनाही ‘लावा’ म्हणून मोकळे होता येते. लखनौला ते चालले नसते.

बटेर तयार करण्याची रीत पाहावी. हा पक्षी रानात भित्रा. त्याला आधी ओल्या हाताने मुठीत धरून तासन्‌तास बसायचे, म्हणजे माणसाची भीती जाते. मग खुराक मोजून, उपास घडवून अंगावरची चरबी झडवायची. मध्यरात्री त्याच्या कानाशी ‘कू’ असा आवाज द्यायचा. याला कूकना म्हणत. चोच तासून टोकदार करायची. एवढे झाल्यावर तो पालीत, म्हणजे झुंजीच्या जागेत, उतरायचा. हे महिनोन्‌महिन्यांचे काम, आणि ते करणाऱ्या उस्तादांची नावे शहरभर माहीत असत. नुसत्या जुगाऱ्याला एवढी सबुरी कुठून असणार? त्याला फासे पुरतात.

शंकेखोर: सबुरी खरी, पण ती बटेरबाजाची. बटेराच्या बाजूने तेच वर्णन वाचले तर उपाशी, झोपमोड झालेला, तासलेल्या चोचीचा पक्षी उरतो. ‘शौक’ या शब्दाची हीच गंमत आहे. तो उच्चारला की करणाऱ्याकडे लक्ष जाते आणि ज्याच्यावर केले जाते तो बाजूला पडतो.

पैशाची बाजूही या शब्दाआड लपते. योहान झोफानी या चित्रकाराने 1784 ते 1786 च्या सुमारास ‘कर्नल मॉर्डंटची कोंबडझुंज’ हे चित्र वॉरन हेस्टिंग्जसाठी काढले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मधोमध अवधचा नवाब असफउद्दौला, शेजारी त्याच्या अंगरक्षक दलाचा इंग्रज सरदार मॉर्डंट, समोर कोंबडे, भोवती दोन्हीकडची बघी मंडळी. क्लोद मार्तिन आहे, ज्याच्या पैशातून पुढे ला मार्टिनिएर शाळा निघाली. झोफानीने स्वतःलाही त्या मैफलीत बसवून घेतले आहे. पैजेपुरते नवाब आणि गोरे साहेब एका पायरीवर आलेले दिसतात. पुढे याच अवधचे राज्यकर्ते ऐदी, पाखरांच्या नादी लागलेले, असा डांगोरा ईस्ट इंडिया कंपनीने पिटला आणि 1856 मध्ये राज्य खालसा केले. ज्या टेबलावर आपणही पत्ते खेळलो तेच टेबल पुराव्यादाखल जप्त करावे, तसे हे झाले.

आणि अवधचा बादशहा नसीरुद्दीन हैदर याच्या दरबारातला तो घोडा. विल्यम नाइटनचे त्या दरबाराविषयीचे पुस्तक 1855 मध्ये लंडनला निघाले. खालसा होण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणून चिमूटभर मीठ लावूनच ते वाचावे. त्यात माणसांना तुडवणाऱ्या एका माथेफिरू घोड्यासमोर वाघ सोडल्याची हकिगत आहे. घोड्याने मागच्या लाथा झाडून वाघाचा जबडा फोडला, बादशहा खूश झाला आणि घोड्याचे कौतुक झाले. त्या आवारात सबुरी कोणती आणि शास्त्र कोणते होते?

शौकीन: झुंजीची वकिली करण्याचे कारण नाही. पण झुंज आणि शर्यत यांत फरक आहे. झुंजीत एका जनावराची इजा हेच दुसऱ्याचे यश असते. शर्यतीत जनावर आपल्या अंगचे काम करते. ग्रेहाउंडची छाती खोल, कंबर बारीक, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकणारा. पूर्ण वेगात तो ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो. त्याला पळायला मारावे लागत नाही. दिसणाऱ्या भक्ष्यामागे धावणे हे त्याच्या रक्तात आहे.

उत्तर प्रदेशाला हे परके नाही. लखनौहून मुरादाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर बरेलीच्या पुढे रामपूर लागते. तिथले नवाब अहमद अली खान यांनी अफगाणी ताझी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून रामपूर हाउंड ही जात घडवली असे सांगतात. एकाची चिवट ताकद, दुसऱ्याचा वेग. मराठ्यांच्या घोरपडे घराण्याचे संस्थान असलेल्या मुधोळचा हाउंडही याच कुळीचा. आपल्याकडच्या यात्रांत जी कुत्री धावतात त्यांत या लांबट तोंडाच्या, बारीक अंगाच्या जातींचे रक्त असते. पंजाबात किला रायपूरच्या ग्रामीण खेळांतही कुत्र्यांची शर्यत लागते.

आधुनिक शर्यतीने तर यातला रक्तपात काढून टाकला. इंग्लंडमध्ये पूर्वी जिवंत सशामागे दोन कुत्री सोडत. वॉटर्लू चषक 1836 पासून त्यासाठीच होता. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथने रुळावरून पळणारा यांत्रिक ससा तयार केला आणि 1919 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्यावर ट्रॅक उघडला. 24 जुलै 1926 रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधली तशी पहिली शर्यत झाली. ससा वाचला. गिरणीतून सुटलेल्या कामगाराला ट्रामने जाता येईल अशा ठिकाणी, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात, चार पैशांत शर्यत बघता येऊ लागली. घोडा लॉर्डांचा होता. हा कुत्रा गल्लीतला. 1929 आणि 1930 ची ग्रेहाउंड डर्बी जिंकणारा मिक द मिलर इतका लाडका झाला की मेल्यावर त्याच्यात पेंढा भरून संग्रहालयात ठेवला.

शंकेखोर: ससा वाचला हे खरे, पण तो यांत्रिक झाल्यामुळेच धंदा उभा राहिला. जिवंत ससा कुठे पळेल, किती वेळ पळेल, सापडेल की नाही, याचा नेम नाही. त्यावर वेळापत्रक बसत नाही. रुळावरचा ससा बटण दाबले की निघतो. ब्रिटनमध्ये सहा कुत्री सहा पेट्यांतून सुटतात. पहिल्याच्या अंगावर लाल जाकीट, मग निळे, पांढरे, काळे, नारिंगी आणि सहाव्याच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे. 480 मीटरची धाव तीस सेकंदांच्या आत-बाहेर संपते. मग पंधरा-एक मिनिटांनी पुढची. एका बैठकीत डझनभर.

इथे टोटचे गणित कळीचे आहे. टोटमध्ये पंटर, म्हणजे पैज लावणारे, एकमेकांविरुद्ध खेळतात. सगळी रक्कम एका कुंडात जमते, त्यातून ट्रॅकवाला आपला वाटा आधी काढतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. म्हणजे कोणता कुत्रा जिंकतो याच्याशी ट्रॅकवाल्याला देणेघेणे नाही. शर्यती किती लागतात याच्याशी आहे. ब्रिटनमध्ये 1961 पासून गल्लोगल्ली सट्ट्याची अधिकृत दुकाने उघडली. त्या दुकानांना दुपारी दाखवायला काही हवे म्हणून 1967 मध्ये दुपारच्या शर्यतींची वेगळी व्यवस्थाच लावण्यात आली. स्टँड ओस, पण कुत्री धावताहेत. लखनौचा बटेर निदान कोणासमोर तरी लढत होता.

या धावण्याची किंमत कुठे मोजली जाते ते नेमके दाखवता येते. ट्रॅक लंबवर्तुळ असतो आणि कुत्री नेहमी डावीकडे वळतात. पेटीतून सुटलेली सहाही पहिल्या वळणावर एकदम येऊन भिडतात. धडका आणि पडझड बहुतेक तिथलीच. त्याहून बोलका आहे घोटा. वळणावरचा ताण वर्षानुवर्षे त्याच बाजूला येत राहतो आणि उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातले मधले हाड मोडते. पशुवैद्यांच्या पुस्तकांत ही शर्यतीच्या ग्रेहाउंडची ओळखीची इजा म्हणून नोंदलेली आहे. रानात सशामागे धावणारा कुत्रा कधी डावीकडे वळतो, कधी उजवीकडे. नेहमी डावीकडे, हे कुत्र्याच्या रक्तात नाही. ते ट्रॅकच्या नकाशात आहे.

उरला प्रश्न संख्येचा. कुत्रा दीड वर्षाच्या सुमारास धावू लागतो, चार-पाच वर्षांचा होईतो निवृत्त होतो, आणि जगतो बारा वर्षांच्या आसपास. शर्यती भरपूर हव्यात तर पिल्ले भरपूर हवीत, आणि त्यांतली बरीच पुरेशी वेगवान निघत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने नेमलेल्या चौकशीचा 2016 मधला निष्कर्ष असा होता की आधीच्या बारा वर्षांत सुमारे 48,000 ते 68,000 कुत्री केवळ स्पर्धेच्या उपयोगाची नाहीत म्हणून मारली गेली. त्याआधी 2015 मध्ये तिथेच लपवलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवले होते की सरावासाठी जिवंत जनावरे आमिषाला बांधली जात होती. म्हणजे ससाही पुरता वाचला नव्हता.

शौकीन: हे आकडे नाकारता येत नाहीत. पण त्यांवरून बंदीपर्यंत उडी घेण्याआधी आपल्याकडचा कायदा काय करत आला ते बघावे लागेल. 1867 चा सार्वजनिक जुगार कायदा अवधला लागू झाला तेव्हा खालसा होऊन जेमतेम अकरा वर्षे झाली होती. त्याच्या तेराव्या कलमात रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी पक्षी वा जनावरे झुंजवणाऱ्याला, आणि तिथे उभे राहून त्याला साथ देणाऱ्यालाही, वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसाला दिला. मूळ दंड पन्नास रुपयांपर्यंत, नाहीतर महिनाभर कैद. शब्द नीट वाचावेत: रस्ता, सार्वजनिक जागा. चौकातला बटेरबाज सापडला. कुंपणाआडचा रेसकोर्स मात्र प्रतिष्ठेत चालू राहिला. मुंबई इलाख्यात तर 1912 मध्ये रेसकोर्सच्या परवान्यांसाठी स्वतंत्र कायदाच झाला.

स्वातंत्र्यानंतरही तीच रीत. तामिळनाडूने घोड्यांच्या शर्यतीवरील सट्टा बंद करायला घेतला. मद्रास रेस क्लबचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी 1996 मध्ये निकाल लागला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. घोड्याची कुवत, जॉकीचे कसब, प्रशिक्षण, वंशावळ या सगळ्याचा अभ्यास करून पैसे लावले जातात, असा त्याचा गाभा. मग कुत्र्याचे काय? त्याचीही वंशावळ असते, मागच्या धावांच्या वेळा असतात, कोणत्या पेटीतून तो चांगला सुटतो याची नोंद असते. शिवाय पाठीवर जॉकी नसल्यामुळे लगाम ओढून शर्यत हरवणारा कोणी नाही. कौशल्याची कसोटी घोड्याला लागू पडत असेल तर कुत्र्याला काकणभर जास्तच लागू पडते. पण घोडेवाल्यांपाशी क्लब आणि वकील होते. बटेरवाल्यापाशी फक्त मूठ.

शंकेखोर: हा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि त्यातच खरी अडचण दिसते. 1996 चा प्रश्न होता, पैसे लावणाऱ्याला अक्कल लागते का. घोड्याची कुवत त्या निकालात आली ती पंटरने अभ्यासायची एक बाब म्हणून. पाय मोडलेल्या घोड्याचे काय, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. तो विषय दुसऱ्या कायद्यात आहे, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात. जनावरे झुंजवणे तिथे गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. 1867 मध्ये पन्नास, 1960 मध्येही पन्नास! पैसा मोजणारा कायदा जनावर मोजत नाही. जनावर मोजणाऱ्या कायद्याला पैसा दिसत नाही. ग्रेहाउंडचा सगळा धंदा या दोहोंच्या मधल्या फटीत बसतो, कारण तिथे झुंज नाही, आणि पळायला मारावेही लागत नाही. घोट्यातले हाड मोडते ते कोणाच्या हातून, याला उत्तर नाही.

सरकारचाही त्यात वाटा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर 2025 पासून रेसवरच्या पैजेला चाळीस टक्के जीएसटी आहे. एवढा कर लावणारा माणूस खेळ वाईट आहे असे म्हणतो की चालू राहावा असे म्हणतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शौकीन: निदान बैलगाडा शर्यतीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्याचा प्रयत्न झाला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती मान्य केली. आता परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, चाबकाला मनाई अशा अटींवर घाटात गाडे पळतात. पाळले जाते किती, हा वेगळा विषय. पण तत्त्व असे की परंपरा आहे म्हणून सरसकट सूट नाही आणि क्रूरता शक्य आहे म्हणून सरसकट बंदी नाही.

सरसकट बंदीचे फळ गोव्यात दिसते. धीरयो, म्हणजे बैलांच्या टकरी, उच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंद केल्या. त्या आजही चोरून होतात, आणि चोरून होणाऱ्या टकरीत पशुवैद्य नसतो. शिवाय जातीचा प्रश्न आहे. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने संपली आणि रामपूर हाउंडचे काम गेले. काम गेले तशी जातही आटत चालली. 2005 मध्ये टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत रामपूर आणि मुधोळ दोन्ही होते. मुधोळला पुढे लष्कराने तरी विचारले. रामपूरच्या वाट्याला तिकीट आले. असील कोंबडा आजही जोमात आहे, आणि तो कशामुळे टिकला हे उघड आहे. धावणाऱ्या जनावराला धावू देणारे कोणी राहिले नाही तर ते फक्त चित्रात धावते.

शंकेखोर: इथे मतभेद बराच अरुंद होतो. कुत्र्याने धावू नये असे कोणाचेच म्हणणे नाही. यात्रेत वर्षातून एकदा, सरळ मैदानात, मालकाने घरी पोसलेला कुत्रा धावला तर हरल्यावरही तो त्याच घरी जातो. बैल शर्यतीत मागे पडला तरी नांगराला उपयोगी होता, असे निदान पूर्वी म्हणता येत होते. हरलेल्या बटेराची गोष्ट वेगळी. एकदा पाली सोडून पळालेला बटेर पुन्हा लढत नाही, अशी बटेरबाजांची धारणा होती, आणि बटेर हा खाण्याचाही पक्षी. ग्रेहाउंडचा ट्रॅक यात्रेपेक्षा या बटेराच्या जवळ आहे, फक्त संख्या हजारपट. म्हणून विचारायचे ते एवढेच की हरलेले जनावर कोणाच्या खर्चाने म्हातारे होते. टोटच्या कुंडातून ट्रॅकवाला आपला वाटा आधी काढतो, तसा कुत्र्याच्या पुढच्या आठ वर्षांचा वाटाही आधी काढला तर काय उरेल?

शौकीन: फार कमी उरेल, आणि म्हणूनच तो खेळ बंद पडेल. पण मग खर्चाचा प्रश्न उलटाही विचारावा लागतो. पैज काढून टाकली तर केनेल, खुराक, पशुवैद्य यांचे पैसे कोण देणार? असफउद्दौलाच्या काळी नवाब देत होता.

शंकेखोर: नवाब देत नव्हता. अवधची रयत देत होती; नवाबाच्या हातून फक्त जात होते.

शौकीन: तेही खरे. पण बंद करण्याचाही खर्च असतोच, आणि तो बंदी मागणारे सहसा मांडत नाहीत. मकाऊचा कॅनिड्रोम जुलै 2018 मध्ये बंद झाला तेव्हा पाचशेहून अधिक कुत्री आत शिल्लक होती. त्यांची नीट सोय न लावल्याबद्दल चालकांना दंड झाला, आणि घरे शोधण्याचे काम प्राणिमित्रांवर पडले. फ्लोरिडाने 2018 मध्ये मतदान घेऊन 2020 अखेरपर्यंतची मुदत दिली. न्यूझीलंडने डिसेंबर 2024 मध्ये बंदी जाहीर करताना वीस महिन्यांची मुदत ठेवली, ती मुख्यतः सुमारे 2,900 कुत्र्यांना घरे मिळावीत म्हणून.

शंकेखोर: त्या 2,900 कुत्र्यांना शर्यती चालू असत्या तरी दोन-तीन वर्षांत घरे लागणारच होती. तेव्हा मात्र त्यांची संख्या कोणी जाहीर केली नसती.

शौकीन: आणि त्यांच्यानंतर पिल्ले होणार नाहीत.

शंकेखोर: नाही होणार.